दारू सोडताना होणारा त्रास: पिणाऱ्यांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसलं की हे प्रश्न रोज कानावर येतात. काही पिणारा स्वतः विचारतो, काही बायको किंवा आई विचारते, आणि काही प्रश्न सगळे बाहेर गेल्यावर दारात घुटमळणारा भाऊ हळूच विचारतो. उत्तरं त्याच क्रमाने नाहीत. जे जास्त महत्त्वाचं, त्यावर जास्त लिहिलं आहे. डॉक्टरांच्या तपासणीची जागा हे घेऊ शकत नाही.

आत्ता घरात कुणाला दारू बंद केल्यानंतर फिट आली असेल, भलतंसलतं दिसत असेल, ताप चढून माणूस बरळत असेल, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा.

दारू बंद केली की हात का थरथरतात? मन कमकुवत आहे म्हणून?

मनाचा इथे काही संबंध नाही. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याला दाबते. हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने ताकद लावू लागतो. रस्सीखेचीत समोरच्या गटाने अचानक दोर सोडून दिला तर इकडचे सगळे पाठीवर आपटतात, तसं दारू एकदम थांबली की होतं. दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं: हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप उडणं, उगाच भीती वाटणं. यालाच डॉक्टर विड्रॉवल म्हणतात.

सकाळी एक नाईन्टी मारली की हात स्थिर होतो, हे प्रत्येक पिणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तर त्याला उतारा म्हणतात. पण तो उतारा लागतो, हीच शरीर दारूवर अवलंबून असल्याची सगळ्यात पक्की खूण. घरचे म्हणतात, “सकाळी सकाळी पितो, लाज नाही.” त्या वेळी तो मजेसाठी पीत नसतो. चहाचा कप सांडू नये, दाढी करताना गाल कापू नये, एवढ्यासाठीच पीत असतो.

मी रोज घेतो, पण गटारात पडत नाही. कामावर वेळेवर जातो. मला धोका आहे का?

गटारात पडणं हा निकष नाही. मी हे विचारते: सकाळी उठल्यावर अंग थरथरतं का? घेतल्याशिवाय जेवण जातं का? पूर्वी कधी दारू थांबल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का? रोजचा आकडा किती?

आकडा मोजताना लोक पेग सांगतात, आणि पेग प्रत्येकाचा वेगळा. बाटली सांगा. विदेशी दारूची एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. रोज एवढी किंवा याहून जास्त घेणाऱ्याने एकट्याने, घरच्या घरी, एका झटक्यात बंद करू नये. पूर्वी फिट किंवा भास झाले असतील, वय साठीपुढचं असेल, कावीळ, मधुमेह, हृदयविकार असेल, झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तर आकडा कमी असला तरी डॉक्टरांना आधी भेटा.

आणि ज्याला फक्त शनिवारी मित्रांबरोबर लागते, मधे सहा दिवस काही होत नाही, त्याला विड्रॉवलचा धोका सहसा नसतो. त्याचे प्रश्न वेगळे.

किती तासांनी काय होतं?

घड्याळ शेवटच्या घोटापासून सुरू होतं. ओपीडीत पहिला प्रश्न तोच असतो: शेवटची कधी घेतली?

सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, डोकेदुखी, बेचैनी. रात्री प्यायलेल्या माणसाला हे सकाळी जाणवतं. बऱ्याच जणांचं इथेच निभावतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला जातो आणि पाच-सात दिवसांत ओसरतो.

काहींना बारा ते चोवीस तासांच्या सुमारास आवाज ऐकू येतात किंवा काहीतरी दिसतं, पण आपण कुठे आहोत, समोर कोण आहे याचं भान असतं. फिट येण्याचा काळ साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांचा. आधी आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही येते.

आणि सगळ्यात घातक टप्पा येतो तो अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स, थोडक्यात डी. टी. म्हणतात. ताप, दरदरून घाम, नाडी आणि रक्तदाब चढलेला, भान पूर्ण गेलेलं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक सगळे वाचतात. सोडणाऱ्यांपैकी थोड्यांनाच डी. टी. होतो, पण कुणाला होईल हे घरी बसून सांगता येत नाही.

घोटाळा होतो तो याच वेळापत्रकामुळे. पहिला दिवस बरा गेला, दुसरा जरा जड गेला, घरचे म्हणतात “सुटली एकदाची”, आणि तिसऱ्या रात्री माणूस दार उघडून पळत सुटतो.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली आई बोलावते म्हणतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. भगताकडे नेऊ का?

आधी दवाखान्यात न्या. भगताकडे जायला नंतर कुणी अडवलेलं नाही, पण या माणसाकडे वेळ नाही.

हा प्रकार एकदा जवळून पाहिला की विसरता येत नाही. माणूस कॉटवर बसून चादरीवरून न दिसणारं काहीतरी वेचत असतो. हवेतला दोरा पकडून गाठ मारतो. बऱ्याचदा हात आपलं रोजचंच काम करू लागतात: शिंपी असेल तर सुई ओवल्यासारखं करतो, रिक्षावाला दोन्ही मुठी पुढे धरून हँडल वळवतो आणि मधेच “मीटरने येणार का?” म्हणून समोरच्या सलाईनच्या स्टँडला विचारतो. मुंग्या, उंदीर, साप दिसणं फार नेहमीचं. कोणी मारायला आलंय असं वाटून तो खिडकीतून उडी मारू शकतो, समोरच्यावर हात उचलू शकतो. संध्याकाळनंतर, अंधार पडला की हे वाढतं.

अंगात आल्यासारखं दिसतं हे खरं. पण ताप मोजा, नाडी बघा, घाम बघा. आणि एक हिशोब करा: दारू थांबून किती दिवस झाले? दोन-तीन-चार हे उत्तर आलं तर कोडं सुटलं. अंगारा लावून अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवलेली माणसं आमच्याकडे पाचव्या दिवशी येतात, शरीरातलं पाणी संपलेली, दोरीचे वळ उठलेली. त्या दोन दिवसांची किंमत फार मोठी असते.

दवाखान्यात नेईपर्यंत खोलीत दिवा लावून ठेवा. ओळखीच्या एकाच माणसाने शांतपणे बोलत राहावं. “तिथे काही नाही, वेडा झालास का” असा वाद घालू नका. त्याला खरंच दिसत असतं. सुरी, कोयता, रॉकेल नजरेआड करा.

फिट आली तर काय करायचं?

कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा. आजूबाजूच्या खुर्च्या, भांडी बाजूला करा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवून काहीही होत नाही. १०८ ला फोन करा. फिट दोन मिनिटांत थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण पहिल्या फिटनंतर दुसरी येऊ शकते, आणि फिट आलेल्यांपैकी काहींचा पुढचा टप्पा डी. टी. असतो. पडताना डोक्याला मार लागला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

गटारीला शेवटची घेतली, श्रावण लागला म्हणून बंद केली. चूक झाली का?

बंद करण्याची इच्छा झाली यात चूक काही नाही. श्रावण, गणपती, नवरात्र, पंढरपूरला जाऊन घातलेली माळ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, या सगळ्यांत ताकद असते आणि त्या ताकदीवर सुटलेली माणसं आपल्या आसपास आहेत. मी त्याची टिंगल करणार नाही. माळकऱ्यांच्या सोबतीत राहून वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले लोक मी ओळखते.

अडचण तारखेची आहे. आषाढी अमावास्येला भरपूर ढोसायची आणि दुसऱ्या दिवशी एकदम शून्य, हे ज्याला महिन्यातून दोनदा लागते त्याला जमतं. ज्याला रोज सकाळी उतारा लागतो, त्याचा श्रावणातला तिसरा-चौथा दिवस म्हणजे नेमका वर सांगितलेला काळ. त्यात उपास! पोटात अन्न नाही, पाणी कमी, शरीरात आधीच जीवनसत्त्वांचा खडखडाट.

तर माळ जरूर घाला, पण आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटून या. विड्रॉवलची औषधं ठरवून घ्या आणि पहिले दहा दिवस उपास करू नका. विठोबाची याला हरकत असेल असं मला वाटत नाही.

असंच मनात नसताना दारू थांबते तेव्हाही होतं: पोलीस कोठडी, लांबचा रेल्वे प्रवास, घरात कोंडून ठेवणं, पाय मोडून झालेली ॲडमिशन. २०२० च्या मार्चअखेरीस लॉकडाऊनमध्ये देशभर दुकानं बंद झाली, तेव्हा मानसोपचार विभागांत विड्रॉवलचे रुग्ण वाढले. केरळमध्ये तर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने तो थांबवला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. थरथरणारा माणूस हाताला लागेल ते पितो. तेव्हा दारू मिळणार नाही अशी वेळ दिसत असेल तर आधीच दवाखाना गाठा.

मग रोज थोडी थोडी कमी करत सोडली तर?

कागदावर छान दिसतं. आज चार पेग, उद्या साडेतीन. पण ज्याच्या हातात बाटली, त्याच्याच हातात मापटं, आणि दोन पेग पोटात गेल्यावर तिसऱ्याचा हिशोब कोण ठेवतो? बहुतेकांचं गाडं चौथ्या दिवशी होतं तिथे येतं.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण खेड्यात हा प्रसंग येतो: डॉक्टर उद्या दुपारी भेटणार आहेत आणि आज माणूस घामाने निथळतोय, थरथरतोय, तर त्याची दारू काढून घेऊन त्याला कोंडू नका. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत एकदम शून्यावर यायचं नाही. हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो, पण त्या एका रात्रीपुरता तोच कमी धोक्याचा मार्ग. फिट, ताप किंवा भास सुरू झाले असतील तर मात्र उद्याची वाट बघायची नाही, दारूही पाजायची नाही, १०८.

मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून दिल्या तर?

अजिबात नाही. दारूवर झोपेची गोळी पडली की श्वास मंदावतो, कधी थांबतो. गोळ्यांचं व्यसन वेगळं लागतं ते निराळंच. आमच्याकडे दारू सुटली आणि गोळी लागली असे कितीतरी येतात.

निदान देशी सोडून बीअरवर आलो तर चालेल ना?

स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत, आठ टक्क्यांनी, चाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. दीड बाटली म्हणजे क्वार्टर झाली. लिव्हरला लेबल वाचता येत नाही.

सरकारी दवाखान्यात नेलं तर नक्की काय करतात? सलाईन लावून दारू उतरवतात का?

सलाईनने दारू उतरत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक “दोन बाटल्या लावा आणि सोडा” असं डॉक्टरांनाच सांगतात.

खरं काम तीन गोष्टींचं. पहिली, विड्रॉवल आटोक्यात ठेवणारं औषध: क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, किंवा लिव्हर फार खराब असेल तर लोराझेपाम. ही औषधं दारूने मोकळी सोडलेली जागा तात्पुरती सांभाळतात आणि मग रोज थोडी थोडी कमी करत पाच-सात दिवसांत, क्वचित दहा दिवसांत, बंद केली जातात. माप रुग्णागणिक वेगळं. शेजारच्या काकांची चिठ्ठी वापरायची नाही, कारण त्यांचं लिव्हर तुमचं नाही.

दुसरी, थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सुरुवातीला इंजेक्शनमधून. पिणारा नीट जेवत नाही आणि दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही. ते फार कमी झालं की डोळे हलायला लागतात, चाल लटपटते, गोंधळ होतो. लोकांना वाटतं अजून चढलेलीच आहे. याला वर्निके म्हणतात आणि वेळेत थायमिन नाही मिळालं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर प्रकार बिघडू शकतो, म्हणून थायमिन आधी किंवा ग्लुकोजच्या बरोबर द्यायचं असतं. गल्लीतल्या दवाखान्यात “अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावतो” म्हटलं, तर “हे रोज पितात” एवढं वाक्य मोठ्याने बोला.

तिसरी गोष्ट, लक्ष ठेवणं. नर्स दर काही तासांनी येते, हात पुढे करून बोटं पसरायला लावते, कपाळाला हात लावून घाम बघते, नाडी मोजते, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे विचारते. नातेवाईक वैतागतात, “तेच तेच काय विचारता?” त्या तेच तेच विचारण्यातूनच औषध वाढवायचं की कमी करायचं ते ठरतं. शिवाय रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, साखर, लिव्हर बघतात.

ॲडमिट व्हायलाच लागतं का?

नाही. त्रास सौम्य आहे, आधी कधी फिट किंवा भास झालेले नाहीत, दुसरा मोठा आजार नाही, घरात एक शुद्धीवरचा माणूस चोवीस तास आहे आणि रोज ओपीडीत येता येतं, तर घरी राहूनही होतं. गोळ्या त्या शुद्धीवरच्या माणसाच्या ताब्यात. आणि गोळी चालू असताना दारू घेतली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, लपवायचं नाही.

लिंबूपाणी, ताक, नारळपाणी, मधाचं पाणी?

द्या. तहान भागते, बरं वाटतं. खिचडी, वरणभात, अंडी, जे जाईल ते द्या. यातलं काहीही फिट थांबवत नाही.

अपघातात पाय मोडलाय, उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टरांना दारूचं सांगितलं तर मेडिक्लेम नाकारतील, असं मेहुणे म्हणतात.

मेहुणे पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. दारूच्या व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम हे बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत असतात. म्हणून केसपेपरवर ‘दारू’ शब्द येऊ नये यासाठी घरचे धडपडतात, हे आम्हाला रोज दिसतं.

पण तुम्ही लपवलंत तर काय होतं ते ऐका. सोमवारी ऑपरेशन छान होतं. बुधवारी रात्री पेशंट सलाईन उपटतो, प्लास्टरसकट कॉटवरून उतरतो. सगळे म्हणतात भूल बाधली. हाडाच्या डॉक्टरांना माहीतच नाही की हा रोज दोन क्वार्टर पितो, म्हणून ते तिसऱ्याच कारणाच्या मागे लागतात, आणि निम्मी रात्र जाते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून औषध सुरू झालं असतं. क्लेमचं भांडण नंतर भांडता येतं.

चहातून, वरणातून, न सांगता देण्याचं औषध मिळतं म्हणतात. देऊ का?

एस. टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर जाहिरात असते: ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ त्या पुडीत काय असतं कुणालाच माहीत नसतं. बऱ्याचदा घरचे डायसल्फिरामची गोळी कुठून तरी मिळवून तीच कुटून घालतात. हे औषध खरं आहे, जुनं आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड होते, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊक आहे तो पिणार नाही. औषधाचं सगळं काम त्या ठाऊक असण्यावरच चालतं. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे पिणार, आणि हृदय कमजोर असेल तर जाणार. शिवाय कळल्यावर तो घरातला चहासुद्धा घेत नाही, जेवणावर संशय धरतो. ताई, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी हे करू नका.

मग दारू परत लागू नये म्हणून गोळ्या असतात त्या कोणत्या?

विड्रॉवल संपल्यावर, डॉक्टर तपासून ठरवतात. नालट्रेक्सोन तलफ आणि पिण्यातली मजा कमी करतं. अकॅम्प्रोसेट मेंदूची बेचैनी कमी करायला. बॅक्लोफेन काही वेळा लिव्हर खराब असणाऱ्यांना. आणि डायसल्फिराम, ज्याची पूर्ण कल्पना आणि तयारी आहे त्यालाच, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तासांनी. शेवटच्या गोळीनंतरही साधारण दोन आठवडे दारूशी तिची रिॲक्शन येऊ शकते. “आज गोळी नाही घेतली, उद्या लग्नाला जाऊन घेतो” असा हिशोब करणारे फसतात. कुठलीच गोळी एकटी काम करत नाही, हेही खरं.

पंधरा दिवस झाले, थरथर गेली, पण झोप येत नाही, सगळ्यांवर खेकसतो. हे असंच राहणार का?

नाही, पण ओसरायला वेळ लागतो. झोपेची घडी बसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. चिडचिड, उदास वाटणं, संध्याकाळी सात वाजले की हातापायांत येणारी तगमग, हे सगळं या काळात येतं-जातं. बायकोला वाटतं, “पीत होता तेव्हा बरा होता, निदान झोपायचा तरी.” हे वाक्य त्याच्यासमोर बोलू नका.

सात ते नऊ ही वेळ रिकामी ठेवू नका. जेवण लवकर घ्या. भरल्या पोटी तलफ कमी असते. घरी जायचा रस्ता परमिट रूमसमोरून असेल तर रस्ता बदला. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात विरते, तेवढा वेळ कुणाला तरी फोन लावून बोलत राहायचं. उदासपणा दोन-तीन आठवड्यांनंतरही तसाच असेल, जगू नये असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. डिप्रेशन आधीपासूनच असतं आणि दारूने झाकलेलं असतं, असं बऱ्याचदा निघतं.

चार वेळा सोडली, चार वेळा धरली. दर वेळी त्रास आधीपेक्षा जास्त होतो. भास आहे का?

भास नाही. वारंवार एकदम सोडणं आणि पुन्हा धरणं यामुळे मेंदू जास्त संवेदनशील होत जातो. पहिल्या वेळी नुसते हात थरथरले, तिसऱ्या-चौथ्या वेळी फिट आली, असं घडतं. म्हणून “मागच्या वेळी घरीच निभावलं होतं” हा भरवसा धरू नका. आधीच्या प्रत्येक वेळी काय झालं ते डॉक्टरांना सांगा.

पुन्हा प्यायलो म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. स्लिप झाली तर दुसऱ्याच दिवशी या. लोक शरमेने महिनाभर तोंड दाखवत नाहीत, आणि त्या महिन्यातच सगळं घसरतं.

बायकांना पण हे होतं का?

होतं. आणि कमी दारूत, कमी वर्षांत शरीराचं नुकसान जास्त होतं. बाई लपवून पिते, घरचेही लपवतात, म्हणून ती उशिरा येते. गरोदर असेल तर दारू एकदम स्वतःहून थांबवण्याऐवजी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

हे यायलाच तयार नाहीत. उचलून नेणारी गाडी बोलावू का?

रात्री चार माणसं येऊन हातपाय बांधून नेतात, अशा केंद्रांचे फोन नंबर तुम्हाला कुणीतरी दिलेच असतील. मी विरोधात आहे. अशा काही ठिकाणी डॉक्टर नसतो, विड्रॉवलला औषध नसतं, मार असतो. डी. टी. मधला माणूस ‘दंगा करतो’ म्हणून साखळीला बांधला जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. नुसता पितो म्हणून नाही.

केंद्र बघायला स्वतः जा. विचारा: डॉक्टर रोज येतात का? रात्री फिट आली तर कुठे नेता? आम्हाला भेटू देता का, कधी? स्वयंपाकघर दाखवा. दाखवायला टाळाटाळ झाली की परत फिरा.

आणि ते येत नसतील तर तुम्ही या. घरच्यांनी एकट्याने येऊन बोलणं सुरू केलं आणि दोन महिन्यांनी तो मागोमाग आला, हे आम्ही पाहतो. सकाळी, उतारा घ्यायच्या आधी, शुद्धीत असताना एकच वाक्य बोला: “हात थरथरतात त्याला औषध आहे, आपण दाखवून येऊ.” दारू सोड म्हणू नका. थरथर थांबवायला तो येईल.

जायचं कुठे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात हे उपचार होतात. ठाणे, पुणे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नाव ऐकून लोक घाबरतात, पण व्यसनाचे रुग्ण तिथेही बघतात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेले गट, त्यांच्या मीटिंगा मराठीतून, फुकट, नाव न विचारता चालतात. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं. मीटिंग विड्रॉवलचा उपचार करत नाही, तो दवाखान्यातच करायचा. मीटिंग त्यानंतरच्या संध्याकाळी सांभाळते.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले सदतीस रांगेत तुमच्या पुढे उभे नाहीत. ते घरीच आहेत.

ऑफिसात कळेल का?

तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. रजेसाठी सर्टिफिकेट लागलं तर त्यावर काय लिहायचं ते डॉक्टरांशी बोलून घ्या. तसंही ऑफिसात बहुतेकांना माहीत असतं, वास येतो.

फोन कुठे करू, आणि काय सांगू?

तातडीला १०८. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास.

फोन करण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: शेवटची कधी घेतली, वार आणि वेळ. रोज किती, कोणती. किती वर्षं. पूर्वी फिट, भास, कावीळ, रक्ताची उलटी झाली का. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. डोक्याला मार लागलाय का. ॲम्ब्युलन्समध्ये तोच कागद पुढच्या माणसाच्या हातात द्या, कारण रुग्णाला विचारलं तर तो म्हणेल, “जास्त नाही, एखादा पेग.”